हिचम गावची दहा गुंठे जमीन

मंडळी, इंग्लंड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लंडन उभे राहते. गिरण्यांची धुराडी, आगगाड्या, गोदीतली जहाजे आणि या सगळ्यांवर राज्य करणारी व्हिक्टोरिया राणी. राणी १८३७ साली गादीवर आली आणि १९०१ साली वारली. एवढ्या मोठ्या काळात इंग्लंडचे शेतकरी, शेतमजूर, त्यांची पोरेबाळे काय करीत होती, हे आपल्या शाळेच्या पुस्तकात फारसे आलेच नाही. १८५१ च्या शिरगणतीत शहरांतली वस्ती देशाच्या निम्म्याहून थोडी जास्त भरली, आणि असे पहिल्यांदाच घडले. म्हणजे राणीला राज्यावर येऊन चौदा वर्षे झाली तरी जवळजवळ निम्मा देश खेड्यातच राहत होता. तेव्हा आज आपण लंडन सोडून एका खेड्यात जाऊ.

गावाचे नाव हिचम. इंग्लंडच्या पूर्वेकडे सफोक नावाचा परगणा आहे, त्यात हे गाव. जमीन चिकण मातीची, भारी. पावसात पाय रुतावा आणि उन्हात भेगा पडाव्यात अशी. पीक गव्हाचे आणि बार्लीचे. नांगराला तांबूस रंगाचे थोराड घोडे. वस्ती हजारावर थोडी. घरे गवताने शाकारलेली, आणि मधोमध दगडी चर्च.

अशा गावाला तिकडे पॅरिश म्हणत. पॅरिश म्हणजे एक चर्च आणि त्याच्या हद्दीतले सगळे शिवार. पण ती नुसती देवधर्माची हद्द नव्हती, हे ध्यानात घ्या. गावचे रस्ते, गरिबांची सोय, त्यासाठी लागणारा कर, हे पुष्कळसे पॅरिशच्याच नावाने चाले. हा कारभार पाहणारी सभा चर्चमध्ये भरे. तिला व्हेस्ट्री म्हणत. आपल्या गावसभेसारखीच ती वाटेल, पण एक फरक होता. १८१८ च्या कायद्याने तिथे माणशी एक मत नव्हते. ज्याच्याकडे करपात्र मिळकत जास्त, त्याला मते जास्त, अगदी सहापर्यंत. आणि ज्याच्या नावावर काहीच नाही त्याचे मत काय? काहीच नाही.

गावच्या पाद्र्याला रेक्टर म्हणत. त्याचे उत्पन्न दशमांशातून येई. पूर्वी हा दशमांश धान्याने, लोकरीने, डुकरांच्या पिलांनी घेत. दहा पेंढ्यांतली एक पेंढी चर्चची, असा हिशेब. आपल्याकडच्या बलुत्याशी थोडा मेळ बसतो, एवढेच की बलुतेदार वर्षभर राबून खळ्यावर जाई, आणि इथे खळ्यावरचा वाटा आधीच ठरलेला. १८३६ साली कायदा झाला आणि दशमांश पैशात घ्यायचे ठरले. हिचमच्या रेक्टरला वर्षाला हजार पौंडांवर मिळत.

आता मजुराचे पाहा. सफोकमध्ये त्या शतकाच्या मध्याला शेतमजुराला आठवड्याला सात-आठ शिलिंग मिळत. वीस शिलिंगांचा एक पौंड; म्हणजे वर्षाकाठी अठरा-वीस पौंड झाले, तेही काम कायम मिळाले तर. पाद्र्याची आणि मजुराची मिळकत यांत पन्नासपट अंतर.

इथे शब्दाचा एक घोटाळा दूर केला पाहिजे. तिकडचा 'शेतकरी' म्हणजे आपला दोन-चार एकरांचा धनी नव्हे. जमीन बहुतेक जमीनदाराची असे. त्याच्याकडून शे-दोनशे एकर खंडाने घेऊन गडी लावून शेती करणारा, तो शेतकरी. आणि खरोखर मातीत हात घालणारा, त्याला नाव मजूर. पुष्कळ ठिकाणी घरसुद्धा मालकाचे. काम गेले की घरही जाई.

मजुराच्या घरी खाणे काय? पाव, बटाटे, थोडे चीज, पाणचट चहा. जमले तर परसात एक डुक्कर पाळायचे आणि हिवाळ्यासाठी मारायचे. मांस एरवी सणासुदीला. सुगीच्या दिवसांत मात्र घरात जरा जीव येई. कापणीकरी आपल्यातला एक जाणता गडी 'सुगीचा लॉर्ड' म्हणून निवडीत. हा लॉर्ड मालकाशी उक्त्या मजुरीचा सौदा करी आणि विळेकऱ्यांच्या पुढे राही. वर्षभर मान खाली घालणारी माणसे त्या महिन्यात ताठ उभी राहून भाव ठरवीत. कापणी उरकली की मालकाकडे मेजवानी. आणि मग बायकापोरे शेतात शिरून सरवा वेचीत. सरवा वेचायला केव्हा शिरावे याची घंटा चर्चमधून वाजे, म्हणजे कुणी आधी घुसायला नको. या सरव्याच्या दाण्यांवर कित्येक घरांचे पिठाचे आठवडे निघत.

पोरांचे हाल तर विचारू नका. सहा-सात वर्षांचा मुलगा पाखरे राखायला जाई. आपल्याकडे गोफण, तिकडे लाकडी टाळ्या. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत एकटा, ओल्या शेतात, पेन्स-दोन पेन्ससाठी.

आणि काम नसेल तर? १८३४ साली गरिबांचा नवा कायदा आला. धडधाकट माणसाला घरबसल्या मदत द्यायची नाही. हवी असेल तर वर्कहाउसमध्ये राहायला जायचे, असे त्याचे धोरण. तिथे नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, पोरे तिसरीकडे. हिचमच्या लोकांचे वर्कहाउस सेमर गावी होते. माणसे उपाशी राहत, पण तिकडची वाट टाळीत. मग कुणी रात्री जमीनदाराच्या रानात सशाला फास लावी, कुणी मेंढी उचली. १८४३-४४ च्या सुमारास सफोकमध्ये रात्री-बेरात्री गंजी पेटू लागल्या. कुणी लावली, कधी कळायचे नाही. एवढे मात्र सगळ्यांना कळत होते की हा राग पोटातला आहे.

अशा या गावात १८३७ साली नवा रेक्टर नेमला गेला. त्याचे नाव जॉन स्टीव्हन्स हेन्स्लो. तो केंब्रिज विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक होता. शिक्षकमंडळींना त्याची ओळख वेगळ्या रीतीने पटेल. चार्ल्स डार्विन विद्यार्थी असताना ज्या गुरूबरोबर रोज फिरायला जाई, इतका की लोक त्याला 'हेन्स्लोबरोबर फिरणारा तो' म्हणून ओळखीत, तो गुरू हाच. १८३१ साली 'बीगल' जहाजावर जाण्यासाठी डार्विनचे नाव सुचवणाराही हाच. असा माणूस १८३९ साली बिऱ्हाड घेऊन हिचमला राहायला आला. केंब्रिजची खुर्ची त्याने शेवटपर्यंत ठेवली, पण घर गावात केले. त्या काळचे कितीतरी रेक्टर उत्पन्न घेत आणि गावात पाऊलही ठेवीत नसत. हा राहिला.

पहिले काम त्याने शेतकऱ्यांत केले. १८४३ साली 'सफोकच्या शेतकऱ्यांस पत्रे' अशी एक माळच त्याने प्रसिद्ध केली. शेणखताच्या ढिगातून जो उग्र वास येतो तो म्हणजे तुमचे खत हवेत उडून चालले आहे, असे तो सांगे. त्यावर जिप्सम टाकले तर ते खतातच राहते असे लीबिग नावाचा जर्मन रसायनशास्त्रज्ञ म्हणतो. पण हेन्स्लोचे म्हणणे, त्याचे ऐकू नका आणि माझेही ऐकू नका. अर्धे शेत असे करा, अर्धे तसे करा, आणि मापून मला कळवा. प्रयोग म्हणजे काय, हे शेतकऱ्याला इतक्या सरळ भाषेत सांगणारा पाद्री त्या काळी विरळाच.

याच सुमारास तो समुद्रकाठी फेलिक्सस्टो येथे गेला असताना त्याला कड्यात एक जातीचे तपकिरी गोटे दिसले. तपासले तर त्यांत फॉस्फेट भरलेले. फार प्राचीन प्राण्यांची ही दगड झालेली विष्ठा आहे अशी त्याची समजूत झाली, आणि त्यांना कॉप्रोलाइट हे नाव पडले. जॉन लॉज याने १८४२ साली हाडे आणि असले खनिज गंधकाच्या तेजाबात विरघळवून सुपरफॉस्फेट करण्याचा हक्क नोंदवला होता. दोन्ही गोष्टी जुळल्या आणि पूर्व इंग्लंडात कॉप्रोलाइट खणण्याचा मोठा धंदा उभा राहिला. कारखानदार गबर झाले. हेन्स्लोने त्यातून काही मिळवले नाही. आपण आज सुपरचे पोते फोडतो, त्याच्या जन्मकथेत हिचमच्या पाद्र्याचाही थोडा हात आहे.

१८४५ साली बटाट्यावर करपा आला. आयर्लंडमध्ये त्याने काय अनर्थ केला हे तुम्ही वाचले असेल. सफोकच्या मजुराचेही अर्धे पोट बटाट्यावरच. हेन्स्लोने लोकांना दाखवले की सडू लागलेला बटाटा फेकू नका. तो किसा, पाण्यात धुवा, निवळू द्या, आणि तळाशी बसलेले पांढरे सत्त्व वाळवून ठेवा. आपल्या घरी गव्हाचा चीक काढतात ना, तसलाच प्रकार.

इथपर्यंत शेतकरी त्याच्यावर खूश होते. बिघडले ते पुढे.

त्याने मजुरांना जमीन द्यायचे ठरवले. फार नाही, माणशी पाव एकर, म्हणजे आपले दहा गुंठे. तीही मालकीची नव्हे, खंडाने. मजुराने मालकाचे काम उरकल्यावर संध्याकाळी कुदळ-फावड्याने ती कसावी, बटाटे, भाजी, थोडा गहू घ्यावा. त्या काळी असले तुकडे मिळत तिथे नियम फार कडक असत. रविवारी कुदळ लावायची नाही, चोरीत सापडला की जमीन गेली, असे. हिचममध्ये सुरुवातीला पन्नासेक तुकडे काढले गेले.

तुम्ही म्हणाल, दहा गुंठ्यांत कुणाचे काय बिघडले? शेतकऱ्यांचे म्हणणे असे की मजूर आपली ताकद स्वतःच्या तुकड्यासाठी राखून ठेवील आणि आमच्या शेतात पाय ओढील. आमचेच बी चोरून तिकडे पेरील, आमच्या खळ्यातले दाणे नेऊन 'माझ्या रानातले' म्हणून दाखवील. हे झाले तोंडावरचे. पोटातली गोष्ट अशी की ज्याच्या घरात दोन पोती बटाटे आहेत तो उद्या सकाळी दारात येऊन 'काम द्या हो मालक' म्हणेलच, याचा भरवसा राहत नाही. १८५२ साली गावच्या शेतकऱ्यांनी एकजूट करून ठराव केला, की ज्या मजुराकडे असा तुकडा असेल त्याला काम द्यायचे नाही आणि कसलीही सवलत दाखवायची नाही.

या ठरावाचा अर्थ मजुराच्या घरात बसून पाहा. एका हाताला दहा गुंठे, दुसऱ्या हाताला आठवड्याचे आठ शिलिंग. दोन्ही मिळायचे नाहीत. दहा गुंठ्यांवर चार-सहा तोंडे जगत नाहीत. जमीन सोडली तर पुन्हा पहिले पाढे. सोडली नाही तर सेमरचा दरवाजा. आणि हे सांगायचे कुणाला? व्हेस्ट्रीत मते शेतकऱ्यांची. पार्लमेंटसाठी मत मजुराला नव्हतेच.

हेन्स्लो मागे हटला नाही. त्याच्या हाती एक गोष्ट होती जी मजुराच्या हाती नव्हती. त्याला कामावरून कुणी काढू शकत नव्हते. रेक्टरचे पद जन्मभराचे. तो दरवर्षी गावकऱ्यांना उद्देशून छापील पत्रक काढी. त्यात गावचा हिशेब आणि आपले म्हणणे स्वच्छ मांडी. भांडण वर्षानुवर्षे धुमसत राहिले, पण तुकडे गेले नाहीत. उलट वाढले; पन्नासांचे शेवटी दीडशेच्या आसपास झाले. हजार वस्तीच्या गावात दीडशे तुकडे म्हणजे बहुतेक मजूर घरांत एकेक पोचलाच म्हणायचा.

आता शाळा. हेन्स्लोने १८४१ च्या सुमारास गावात शाळा उभी केली. सक्ती नव्हती, सरकारी शाळा नव्हत्या. तो कायदा १८७० साली आला, सक्ती १८८० साली आणि फी माफ व्हायला १८९१ उजाडले. म्हणजे हिचमची पोरे शाळेत आली ती आईबापांनी आठवड्याची पोराची कमाई सोडली म्हणून.

या शाळेत तो दर सोमवारी स्वतः वनस्पतिशास्त्र शिकवी. ज्याला यायचे त्याने यावे, पण वर्गात शिरण्याआधी एक परीक्षा. एकदल, द्विदल यांना इंग्रजीत जे लांबलचक लॅटिन-ग्रीक वळणाचे शब्द आहेत, ते बिनचूक लिहून दाखवायचे. मजुरांच्या पोरांनी ते लिहून दाखवले. मग प्रत्येकाच्या हातात एक फूल. पाठ म्हणायचा नाही, फूल उसवायचे. निदले किती, पाकळ्या किती, सुट्या की जुळलेल्या, पुंकेसर किती आणि कशाला चिकटलेले, हे पाहून एका तक्त्यात भरायचे. तक्ता भरला की फुलाचे कूळ आपोआप कळते. रानातून पहिले फूल आणणाऱ्याची वाहवा होई, आणि ते फूल पाण्याच्या छोट्या बाटलीत नावाच्या चिठ्ठीसह शाळेत ठेवले जाई. गावाच्या शिवारात कुठे काय उगवते याची यादी या पोरांच्या पायांनी झाली. १८६० साली हेन्स्लोने एका सहकाऱ्याबरोबर सफोकच्या वनस्पतींचा ग्रंथ काढला. त्यामागे अशी कितीतरी वर्षांची हिंड होती.

राणीचा नवरा प्रिन्स अल्बर्ट याने त्याला राजवाड्यात बोलावून राजपुत्र-राजकन्यांना वनस्पतिशास्त्राचे पाठ द्यायला लावले. हेन्स्लोने तिथे वेगळे काही केले नाही. हिचमच्या पोरांना जे शिकवी तेच, त्याच पद्धतीने. मला वाटते, त्याच्या साऱ्या आयुष्यात याइतकी मजेची गोष्ट दुसरी नसेल.

'मोलकरीण होणाऱ्या पोरीला फुलाचे पुंकेसर मोजून काय करायचे?' असे विचारणारे तेव्हाही होते. त्याचे उत्तर पुढे त्याच्या जावयाने दिले. हा जावई म्हणजे जोसेफ हूकर. हिमालय पालथा घालून १८५१ साली इंग्लंडात परतलेला आणि नंतर आपल्या देशाच्या वनस्पतींवर सात खंडांचा ग्रंथ सिद्ध करणारा. मोठ्या घरच्या मुलांच्या शाळांची चौकशी करायला सरकारने मंडळ नेमले, त्याच्यापुढे हूकरने साक्ष दिली ती हिचमच्या खेडवळ शाळेची. ही मुले पाहायला आणि पाहिल्यावरून विचार करायला शिकली आहेत, आणि इतर विषयांतही पुढे आहेत, असा तिचा आशय.

वर्षातून दोनदा रेक्टरच्या अंगणात भाजीपाल्याचे आणि फुलांचे प्रदर्शन भरे. मजुराने आपल्या तुकड्यातले बटाटे, कांदे, कोबी आणायचे, पोरांनी रानफुलांचे गुच्छ. बक्षिसे लागत. एका तंबूत हेन्स्लो नाना वस्तू मांडी आणि प्रत्येकीजवळ उभा राहून दोन-चार मिनिटांचे भाषण करी. आणि वर्षातून एकदा सहल! १८४६ साली त्या भागात आगगाडी पोचली होती. १८५४ साली त्याने अडीचशेंहून जास्त माणसे केंब्रिजला नेली. ज्यांनी शेजारच्या बाजाराखेरीज काही पाहिले नव्हते अशी माणसे, बायका, म्हातारे. सहलीची छापील माहितीपत्रके तो स्वतः लिही. काय पाहायचे, का पाहायचे, सगळे त्यात. ज्या विद्यापीठाच्या अंगणात एरवी मजुराला कुणी उभे केले नसते, तिथे त्या दिवशी हिचमचे मजूर पाहुणे म्हणून जेवले.

हेन्स्लो थोर माणूस होता हे खरे, पण त्याचा देव्हारा करायचे कारण नाही. आठ शिलिंग मजुरी फार कमी आहे, ती दुप्पट करा, असा लढा त्याने केला नाही. आपल्या हजार पौंडांचा उगम आणि मजुराचे दारिद्र्य एकाच जमिनीत आहे, हेही त्याने विचारायला घेतले नाही. वर्गावर्गांची ही उतरंड देवाने नेमलेली आहे, ती दयेने आणि शिक्षणाने सुसह्य करावी, हा त्या काळच्या भल्या पाद्र्याचा विचार. तो त्याचाही होता. पण पावाचा तुकडा वाटून घरी जाणे आणि दहा गुंठ्यांसाठी आपल्याच पंगतीतल्या माणसांशी वर्षानुवर्षे वैर पत्करणे, यांत फरक आहे.

१६ मे १८६१ रोजी हेन्स्लो हिचममध्येच वारला. पुढची लढाई मजुरांनी स्वतः केली. १८७२ साली जोसेफ आर्च नावाच्या वॉरिकशरमधल्या शेतमजुराने मजुरांची देशव्यापी संघटना उभी केली. १८७४ साली सफोकसह पूर्वेकडच्या परगण्यांत शेतकऱ्यांनी संघटनेतल्या मजुरांना कामावरून बंद केले. हिचमच्या १८५२ च्या ठरावाचेच हे मोठे रूप. संघटनेला त्यात हार पत्करावी लागली. पण १८८४ साली खेड्यातल्या मजुराला पार्लमेंटचे मत मिळाले, १८८७ साली मजुरांना जमिनीचे तुकडे देण्याची जबाबदारी कायद्याने स्थानिक अधिकाऱ्यांवर आली, आणि १८९४ साली व्हेस्ट्रीची जागा निवडलेल्या पॅरिश कौन्सिलने घेतली.

इप्सविच या शहरात आजही एका रस्त्याला कॉप्रोलाइटचे नाव आहे. डार्विनच्या चरित्रात हेन्स्लोचे नाव आहे. हिचमच्या मजुरांचे काय राहिले म्हणाल, तर अशा गावांच्या चर्चमधल्या वह्या राहिल्या: बारसे, लग्न, मूठमाती. १७५४ पासून लग्नाच्या वहीत वधूवरांनी सही करायची असे. ज्याला सही येत नसे तो फुली मारी. राणी गादीवर आली त्या सुमारास देशात तीन नवऱ्यांमागे एक आणि दोन नवरींमागे जवळजवळ एक असे प्रमाण अनुक्रमे नवऱ्यांत आणि नवरींत होते. फुलीवरच लग्न लागे. पाने उलटत गेले की फुल्या कमी होतात. राणी वारली त्या वर्षाच्या पानांवर त्या शोधाव्या लागतात.